तीन बोटं रुंद पट्टा

लोहारा,
पंचमीच्या पंधरा दिवस आधी

प्रिय दैवशाला,

पत्र बघून घाबरली असशील. ह्या वयात टपालानं काही आलं की माणसाच्या मनात आधी वाईटच येतं. तसलं काही नाही, इथं सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि जे सांगायचं आहे ते मी तीनदा तोंडापर्यंत आणून गिळलं आहे. म्हणून कागद घेतला. पण आधी आनंदाची बातमी, ती सांगितल्याशिवाय मला दुसरं सुचायचं नाही. आपण जिंकलो! आपण म्हणजे मी, माझी शिवप्रिया आणि माझं जुनं शिलाई मशीन.

पोर पुण्याची नोकरी सोडून घरी आली, तेव्हा तिचा बेत ऐकून तू फोनवर पाच मिनिटं हसत होतीस. मळ्यातल्या चिंचांना झोळ्या टांगायच्या, शहरातल्या लोकांना हुरड्याला बोलवायचं आणि रात्री त्या झोळ्यांत झोपवायचं. ती त्याला हॅमॉक म्हणते. गाव झोळीच म्हणतं, आणि वर विचारतं की एवढ्या मोठ्या लेकरांना जोजवणार कोण. चिंचेखाली झोपलं की भूत लागतं असं आपल्या आयांनी सांगून ठेवलेलं, त्यामुळं काहींना तर पोरीला बाहेरचं काही झालंय असंच वाटलं. मीही हसले होते. पण घरात दुसऱ्या माणसाच्या चपला दिसायला लागल्या, सकाळी चहाला दोन कप लागायला लागले, आणि माझं हसणं थांबलं. हे जमलं नाही तर ती परत जाणार होती. ते तिनं बोलून दाखवलं नाही, पण बॅग तिनं पलंगाखालीच ठेवली होती, माळ्यावर टाकली नव्हती.

अडचण होती शंभुलिंग भावजींची. माझे हे गेल्यापासून शेताचं तेच बघतात, आणि त्या चिंचा तर त्यांनी घागरीनं पाणी घालून वाढवलेल्या. त्यांनी ऐकून घेतलं, पानाचा डबा बंद केला आणि म्हणाले, “वैनी, पोरगी माझी बी हाय. पण झाडाच्या सालीवर एक वण जरी उठला, त्या दिवशी सगळं बंद. मंग मला कुणी काय म्हणायचं न्हाय.” आणि गेले. त्यांचा शब्द तुला ठाऊक आहे. माझ्या लग्नात माझ्या माहेरावर रुसून बसले होते, ते ह्याच गावात असून अजून त्या घरचं पाणी पीत नाहीत.

शिवप्रियानं ऑनलाइन दोरी मागवली. करंगळीपेक्षा बारीक, रंगीत, गुळगुळीत. पाकिटावर लिहिलेलं की दोन माणसांचं वजन पेलते. पेललंही. संध्याकाळी ती तासभर त्यात पाय हलवत पडली आणि मी दोरी सोडून पाहिली तर खोडाला खाच. बोट फिरवलं तर ओलं लागलं. दैवशाला, मी त्या पोरीवर अशी ओरडले की विहिरीवरची बायामाणसं पळत आली. ती बिचारी म्हणत होती, आई, एवढीशी तर रेघ आहे. मी म्हटलं, उतरव आधी, आत्ताच्या आत्ता उतरव. का एवढी चिडलीस म्हणून तिनं विचारलं. मी उत्तर दिलं नाही. त्या खाचेवर शेणमाती लिंपली आणि ती भरून येईपर्यंत भावजींना त्या बाजूला फिरकू दिलं नाही.

मग आम्ही मायलेकी दोरीच्या मागं लागलो. बाजारातली नायलॉनची जाड सोल आणली. ती ताणते. रात्री कमरेइतकी उंच बांधलेली झोळी सकाळी पोरीच्या पाठीसकट जमिनीला टेकली होती. काथ्याची दोरी सालीला घासून भुगा पाडायला लागली. मग मला खाटेची नवार आठवली. रुंद असते, झाडाला रुतत नाही. तिच्यावर मी दोन दिवस खूष होते, पण ती सुती, दवानं भिजून वाळली की सैल पडते आणि पावसाळ्यात कुजते. तरी नवारीनं एक गोष्ट शिकवली. झाडाला गोल दोरी नको, चपटं आणि रुंद काहीतरी पाहिजे. भार एका रेघेवर आला तर साल कापते, पसरला तर झाडाला कळतही नाही. हे काही मी पुस्तकात वाचलं नाही, खाटा विणून विणून कळलं.

आणि उत्तर कुठं सापडलं म्हणशील तर माझ्याच शिलाईच्या दुकानासमोर! एक ट्रकवाला सीट शिवून घ्यायला आला होता. मालावर आवळायचा त्याचा पट्टा बाकड्यावर पडलेला. पॉलिस्टरचा, तीन बोटं रुंद, ओढला तर ताणत नाही. मी त्याची सीट तशीच ठेवली आणि तो पट्टाच बघत बसले. तो म्हणाला, “मावशे, सीट शिवा की, पट्ट्यात काय हाय?” मी म्हटलं, माझ्या लेकीचा संसार आहे. त्याला काय कळलं देव जाणे, पण पट्टा कुठं मिळतो ते सांगून गेला.

त्या पट्ट्याला दोन्ही टोकांना फासे शिवले. गाठ मारायची नाही, गाठीत पट्टा कमजोर होतो. चौकोनी शिलाई आणि आत फुली, ट्रॅक्टरच्या सीटांना मी तीस वर्षं घालते तीच. जिथं झाडाला टेकतो तिथं पोत्याचा तुकडा. बांधताना तारेसारखा ताणायचा नाही, झोळीला पोट सोडायचं, म्हणजे भार कमी येतो. आधी त्यात ज्वारीची दोन पोती घातली. मग तीन. मग पोती काढून मी बसले. माझं वजन तुला सांगणार नाही, पण पोत्यांनी केली नसेल एवढी परीक्षा मी केली. आणि एक नियम मी घातला, त्यात कुणाची गय नाही. संध्याकाळी बांधलेला पट्टा सकाळी उतरवायचाच. उतरवल्याशिवाय चहा नाही.

जानेवारीत पहिले बारा पाहुणे आले. हुरडा झाला, गाणी झाली, झोळ्या भरल्या. उजाडलं आणि बघते तर भावजी चष्मा लावून, काठी घेऊन हजर. चौदा झाडं. प्रत्येकापाशी थांबून, पट्टा होता तिथं हात फिरवून, दोन ठिकाणी तर नखानं खरवडून पाहिलं. शिवप्रिया माझा पदर धरून उभी, लहानपणी धरायची तशी. शेवटच्या झाडाचा तर भावजींनी चक्क वास घेतला.  एकच झोळी उतरवायची राहिली होती, तिच्यात काठीसकट शिरले, आणि पंधरा मिनिटांत असे घोरायला लागले की पाहुण्यांनी फोटो काढले! आता येणाऱ्या प्रत्येकाला तेच पट्टा कसा बांधायचा ते दाखवतात, आणि शोध त्यांचाच असल्यासारखं सांगतात. सांगू दे. हंगामभर एकही रविवार रिकामा गेला नाही. चौदाही झाडांना ह्या पावसात नवी पालवी आहे आणि सालीवर बोट ठेवायला जागा नाही. पोरीची बॅग माळ्यावर गेली. मी स्वतः शिडी लावून टाकली.

ही झाली बातमी. आता ते दुसरं.

तुझ्या पायाला पावसाळी हवेत अजून कळ येते का? तू कधी बोलत नाहीस आणि मी कधी विचारत नाही. वेशीजवळचा कडुलिंब आठवतो ना? आपल्या दहावीच्या वर्षी गावातला सगळ्यात उंच झोका आपला पाहिजे म्हणून मी ढोकीच्या मामांकडून उसाच्या ट्रॉलीचा वायररोप आणला होता. कधी तुटणार नाही म्हणून मिरवत होते. पंचमी झाली की ज्यानं झोका बांधला त्यानंच उतरवायचा, ही आपल्या गावची रीत. मी उतरवला नाही. आज उद्या करत वर्ष गेलं. पुढच्या पंचमीला पहिला मान तुझा होता, कारण आदल्या वर्षी मी बसले होते. फांदी मोडली, तुझा पाय मोडला, तो आखूडच राहिला, आणि सगळ्या गावानं म्हटलं की फांदीला कीड लागली होती. कीड नव्हती, दैवशाला. त्या सकाळी मी वर चढून पाहिलं होतं. वायर सालीत इतकी रुतली होती की दिसत नव्हती, आणि खाली लाकूड काळं पडलं होतं. मला ते दिसलं. पण सांगितलं असतं तर झोका उतरवला नव्हता हे सगळ्यांना कळलं असतं, म्हणून मी खाली उतरले आणि तुला म्हणाले, बस, पक्का आहे.

चाळीस वर्षं हे माझ्याजवळ होतं. पोरीला उत्तर दिलं नाही ते हेच. काल दिलं. ती रडली, मग म्हणाली, मावशीला सांग.

त्या लिंबाला दुसऱ्या बाजूनं चांगली जाड फांदी आहे. तिला मी पट्टे लावून झोका बांधून पाहिला. आधी तीन पोती, मग मी, आणि भावजींनी ढकललं. झाडाला काही झालं नाही. मग उतरवून ठेवला. पंचमीच्या सकाळी पुन्हा बांधीन. ये. तू आलीस तर आधी मला हवं तेवढं बोल, गावासमोर बोल, मी ऐकून घेईन. मग बसायचं असेल तर बस. फळी इतकी खाली बांधीन की तुझे दोन्ही पाय जमिनीला टेकतील. ह्या वेळी वर चढून तूच पाहा म्हटलं असतं, पण शिडी आणि तुझं वय बघता शिवप्रिया चढेल आणि जे दिसेल ते मोठ्यानं ओरडून सांगेल. संध्याकाळी झोका आपण दोघी मिळून उतरवू.

तुझीच, वाट बघणारी,
जगदेवी