रोजा आणि क्लच

बार्शीटाकळी
२७ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुभद्रा हिस,

रईसाचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. अल्लाच्या मेहेरबानीनं इकडे ठीक. महादेवरावांचा गुडघा कसा आहे?

फोन न करता पत्र लिहिते, कारण फळांचं दुकान घराच्या ओट्यावरच, त्यामुळे यांना सगळं ऐकू जातं. अन् लिहायचं आहे ते यांच्याबद्दलच. यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. तरी फजरची नमाज झाली की हे अंधुकातच व्हॅन काढून अकोल्याच्या मंडीत माल आणायला जातात. परत येईस्तोवर मी जानमाजच्या चटईवरून उठत नाही. एक दिवस मी भांडले, तर हे म्हणाले, तू लायसन आण, त्या दिवशी चाबी तुझी. पन्नाशीच्या बाईला काय जमतं, हे धरूनच बोलले. म्हणून शिकाऊ लायसन काढून मी अकोल्याला क्लास लावला.

रोज्यात क्लच दाबायचा म्हणजे पाय थरथरतो, दुपारी जीभ टाळूला चिकटते. शिकवणारे नत्थुजी भले माणूस. माझा रोजा म्हणून त्यांनी गाडीत तंबाखूचा खर्रा खाणं बंद केलं. पण खर्रा नसला की ते प्रत्येक गिअरला खेकसतात. शेवटी मीच म्हटलं, खा बाप्पा एकदाचा.

काल परीक्षा झाली. आठाच्या आकड्यातून अर्धी गाडी नीट नेली होती. ओढणी घसरून खांद्यावर आलेली. तेवढ्यात जवळच्या मशिदीत जोहरची अजान झाली आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंग सोडून ओढणी डोक्यावर घ्यायला गेले. लहानपणापासूनची सवय ग. गाडीनं खांब आडवा केला. परीक्षा घेणारे साहेब रागावले नाहीत, नुसतं लिहून घेतलं. पुढची तारीख ईदनंतरची मिळाली.

यांना सांगितलं तेव्हा हसले असते तरी चाललं असतं. नुसतं म्हणाले, मग तोवर मीच. सुभद्रा, मी फार थकले. दुआ कर आणि आठवण ठेव.

तुझी रईसा

अमरावती
४ मार्च २०२६

श्री
खांब पाडणाऱ्या रईसाबाईंना सुभद्राचा सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग हसल्याची लाज वाटली. पण तू एकटी नाहीस. आमचे हे स्कूटरवर असले आणि मारुतीचं देऊळ आलं की दोन्ही हात जोडतात. तिवस्याच्या रस्त्यावर एकदा असाच नमस्कार झाला आणि आम्ही दोघं संत्र्यांच्या ढिगात. गुडघा तेव्हापासूनचाच. लोकांना मात्र वय झालं म्हणून सांगतात.

परीक्षेपुरता रोजा सोड, असं लिहिणार होते. लिहीत नाही. एकादशीला मी तरी कोणाचं ऐकते?

आता नीट वाच. आमची सून मोनाली मागच्या साली गाडी शिकली. ती म्हणते, शिकाऊ लायसनवर गाडी चालवता येते. पुढं-मागं लाल एल लावायचा आणि बाजूला लायसनवाला माणूस बसवायचा, हँडब्रेक त्याच्या हाताशी. मुनीरभाऊंचं लायसन आहेच की. त्यांना बाजूला बसव. डोळ्यांचं नाव काढू नको. म्हणावं, "नत्थुजी लय खेकसतात, मले तुमीच शिकवा." माणसाले शिकवाले सांगितलं तर तो नाही म्हनत नाही, हे काय मी तुला सांगू?

इफ्तारला लिंबाचं पाणी घेत जा. राग लोभ दोन्ही असू दे, पत्र थांबवू नको.

तुझी सुभद्रा

बार्शीटाकळी
१० मार्च २०२६

प्रिय सुभद्रा हिस,

सलाम आणि नमस्कार. तू लिहिलं तसं म्हणून पाहिलं. दोन दिवस हे एकटेच मंडीत गेले. काल पहाटे सहेरीला माझ्या ताटाजवळ चाबी ठेवली आणि नमाजनंतर जाऊन व्हॅनमध्ये डाव्या बाजूला बसले.

नत्थुजी परवडले. निघाल्यापासून यांचं सुरूच: क्लच पूर्ण दाब, घाई काहून करतेस, पुढं वळण आहे, आता ब्रेकर येईल. आणि ब्रेकर यायचाच. मला वाटलं, डॉक्टरच चुकले असतील. चांगलं दिसतं की यांना. रोज्याचा थकवासुद्धा थोडा विसरले.

मग समोर बैलगाडी दिसली. जनावरांच्या कुटारानं गच्च भरलेली, आमच्याच बाजूनं समोरून येत होती. हे आता सांगतील म्हणून मी वाट पाहिली. हे म्हणाले, "रस्ता मोकळा आहे, टाक तिसरा."

तेव्हा कळलं. हा रस्ता यांना पाठ आहे. जे रोज तिथंच असतं तेवढंच यांना ठाऊक. दिसत काहीच नाही. इतके दिवस हे असेच जात होते आणि मी जानमाजवर बसून नुसती वाट पाहत होते.

मी दुसऱ्यातच ठेवून गाडी हळूच उजव्या बाजूनं काढली. बैलाचं शिंग यांच्या काचेला घासायचंच राहिलं. हे समोर बघत होते. मी म्हटलं, "हो, मोकळा आहे."

मंडीतून माल घेऊन घरी आलो. चाबी मी परत दिली नाही. यांनी मागितली नाही.

महादेवरावांना सलाम सांग. जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझी रईसा