आमचं खालचं, सुमीचं वरचं

७ मे ९९
सुमी आली. माझी लेक, खालच्या वाडीत दिलेली. चा नको, काय नको, रिकामी कळशी ओट्यावर आदळली. "आये, तुमच्या भांड्यांचा फेस पितो आम्ही." तुमच्या म्हणे! लग्न करून दिली तर मी परकी झाले. म्हणते, वाळूतल्या डवऱ्यावर सकाळी पांढरी साय धरते, धाकटीचं पोट थांबत नाय. मी पण ऐकवलं. वहाळाचं वरचं पाणी प्यायचं, खाली धुणंभांडी. वाडीचा नेम हाय, कुणी मोडलाय? फणकाऱ्यानं गेली. कळशी इथंच राहिली.

८ मे
कळशी द्यायची म्हणून वहाळातनं उतरले. गुडघे बोंबलतायत. धार करंगळीएवढी उरलीय, ती पण फेस घेऊन चाललेली. सुमीनं वाळूत उकरलेला डवरा बघितला. खरंच साय. बोट लावलं तर बुळबुळीत.
आमचं खालचं ते तिचं वरचं. एवढी साधी गोष्ट, आजवर कुणाच्या ध्यानात आली नाय. येईल कशी? पूर्वी घासायची राख दगडाबुडी बसायची. रिठ्याचा फेस वळणापर्यंत पण टिकायचा नाय. ही साबणाची पावडर मेली चालतच राहते.
सुमी घरात नव्हती. कळशी दारात ठेवली नि आले.

९ मे
लेक बबन रविवारचा घरी. महाडला कंपनीत जातो नि येताना पावडरीचे पुडे आणतो, वर बादली फुकट. सुनेला म्हटलं, वैशाली, उद्यापासनं राख घे. तिनं दोन्ही हात माझ्या नाकाशी धरले. "आई, पहिल्या वर्षी राखेनं कसे फुटले होते आठवतं? तुमची राख तुम्हालाच." आठवतं. म्हणून काय मूठ मूठ पावडर ओतायची?
बबन हसला. "आये, तुझ्या राखेनं जग सुधारणार हाय?"
जग गेलं खड्ड्यात. सुमीचा डवरा सुधारला तरी पुरे. जेवले नाय त्याच्या पंगतीला.

११ मे
धुण्याच्या जागी बायांसमोर विषय काढला. भागी, माझी चुलतजाऊ, तोंडाचा पट्टा सोडून मोकळी. "शिमग्यात आमची पालखी अडवली खालच्यांनी, तेव्हा गोड लागलं? पिऊ दे आता फेस." सगळ्या खिदळल्या. पालखी अडवली ती बाप्यांनी, दारू पिऊन. डवऱ्यावर कळशी घेऊन बसतात त्या बाया. आणि त्या बाया कोण? निम्म्या आमच्याच लेकी. हे म्हटलं तर भागी म्हणते, "तुझी सुमी लय नाजूक हाय गो." अंगाची लाही झाली. तिथंच थुंकले नि आले.

१४ मे
सुमीच्या धाकटीला पोलादपूरला दवाखान्यात नेली. सलाईन. पोरगी चिपाड झालीय, डोळे तेवढे मोठे. डॉक्टर म्हणतो पाण्यानं असेल, उकळून द्या. फेसानंच का, ते सांगत नाय. न सांगू दे. मी ते पाणी ढोराला दाखवणार नाय.
सुमीनं माझ्याकडं पाठ केली. खाटेच्या त्या बाजूला बसून राहिली. मी पण बसले. यष्टीची वेळ झाली तरी.

१६ मे
पोरगी घरी आली म्हणे. निरोप सुमीच्या दिराकडनं. सुमीनं स्वतः नाय धाडला.
वैशालीनं आज वहाळात भांडी धुतली नाय. वहाळातनं हंडा भरून वर खाचराच्या बांधावर नेला, तिथं घासली, पाणी खाचरात. पावडरच. राख नाय घेतली ती नाय घेतली. चढ चढून धापा टाकत होती, तोंडानं पुटपुट चालूच, मलाच शिव्या असणार. दे म्हटलं. दुसरा हंडा मी कमरेवर घेतला. शाबासकी बिबासकी दिली नाय. एका घराचा फेस बंद. बाकीच्यांचा चालूच, भागीचा सगळ्यात जास्त.

१७ मे
सकाळी उठून भागीच्या धुण्याच्या दगडावर जाऊन बसले. लुगडं आवळून, चांगली पसरून.
आली. डोक्यावर धुण्याची टोपली, हातात पुडा. "ऊठ गो."
"नाय उठत."
"दगड तुझ्या बापाचा?"
"नाय. पण कुसुम तुझी ना?" तिची धाकटी लेक. माघात तिथंच दिलीय, सुमीच्या शेजारच्या घरात. "कळशी कुठं बुडवते ठाऊक हाय? सुमीच्याच डवऱ्यात."
भागीनं पुड्याचा हात खाली घेतला. बाकीच्या बाया पण थांबल्या, कुणी हसलं नाय. उन्हं चढायला लागली. मी दगडावर, ती समोर उभी. टोपली उतरवत नाय, नि मागं पण फिरत नाय.