वरठीत बसून विक्का

८ ऑक्टोबर २०२३, रविवार

दुसरंही पुस्तक रद्दीत टाकलं. शी! ऑनलाइन मागवलं होतं. वर चंद्र, काळं मांजर, सोनेरी अक्षरांत 'विक्का'. आत पहिली काही पानं मशीननं हिंदीत ओतलेली आणि पुढे थेट वशीकरण. लिंबू, शनिवार, प्रेयसीच्या डोक्याचा केस. हे तर वरठी स्टेशनबाहेरच्या खांबावर फुकट चिकटवलेलं असतं, बाबाच्या फोन नंबरसकट.

मला काय हवंय ते मलाच धड सांगता येत नाही. लाखनीला कॉलेजात कंत्राटावर बॉटनी शिकवते, झाडांत जीव रमतो — एवढं माहीत आहे. मागच्या वर्षी एका वेबसाइटवर विक्काबद्दल वाचलं, परदेशातला निसर्गपूजकांचा धर्म, मानणारे स्वतःला 'विच' म्हणवतात. ऋतूंप्रमाणे आठ सण. चंद्र, झाडं, पाणी. मधला पुजारी नाही, बाईला विटाळ नाही, उलट बाईच मधोमध उभी. वाचताना अंगावर काटा आला. चांगला काटा. तेव्हापासून भरवशाचं पुस्तक शोधते आहे आणि भरवशाची माणसं. भंडाऱ्यात पुस्तकांच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, स्पर्धा परीक्षेचं आहे का मॅडम.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

टेलिग्रामवरून उतरवलेलं इंग्रजी पुस्तक संपवलं. भाषा छान, म्हणून चीड जास्त. म्हणे हा धर्म अश्मयुगापासून अखंड चालत आला आणि युरोपात नव्वद लाख चेटकिणी जाळल्या. शोधत बसले. इतिहासकार चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास सांगतात — तेवढं भयंकर कमी पडत होतं का? आणि धर्म गेल्या शतकात, इंग्लंडात आकाराला आला.

खोटं बोलायची गरज काय? नवा आहे तर नवा म्हणा. आमच्या घरात बुद्ध छप्पन साली आले. बाबा ते साल ताठ मानेनं सांगतात, कुणाला लाजत नाहीत.

१५ ऑक्टोबर, रविवार

कारखान्यातून रिटायर झाल्यापासून बाबा घरची रद्दी स्वतः बांधतात. आज ते मांजराचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं.

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुझ्या आज्यानं घरचे देव टोपल्यात भरले अन् तलावात नेऊन टाकले. गावानं विहीर बंद केली, तरी ते देव काढाले गेला नाही. अन् तू नवे इकत आणून राहिली?"

मी म्हटलं, हे तसं नाही बाबा.

"मंग कसं हाये, सांग."

आई विळीवर भाजी चिरत होती, तिनं मान वर केली नाही. बाबांचा राग आला नाही. त्या पुस्तकाचा आला — त्याच्यापायी मी बाबांपुढे लिंबूवाली ठरले.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

एक पुस्तक बरं निघालं. शेवटी! लेखिका पहिल्याच पानावर कबूल करते की हे नवं आहे, आम्ही जुळवलं आहे. कुठून काय घेतलं ते मागे दिलंय. मध्येच चक्क म्हणते, हे मला माहीत नाही. कशाचीही हमी देत नाही. एक मात्र बजावते: शिकवण्याच्या बदल्यात कुणी तुमचं अंग मागितलं तर चपला घाला आणि निघा.

२२ ऑक्टोबर, रविवार

रिताचा फोन. बीएस्सीला सोबत होती, आता तुमसरला वडिलांचं किराणा दुकान बघते. तिला म्हटलं होतं, कुणी सापडलं तर सांग. विदर्भातल्या विक्कावाल्यांचा एक ग्रुप आहे म्हणे. चालवणारा घनश्याम, पण त्याला 'लॉर्ड रेवन' म्हणायचं. हसू दाबलं. पुढच्या रविवारी नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाच्या काठाला एका शेतघरावर जमणार आहेत. साविन नावाचा सण, गेलेल्या माणसांची आठवण काढायचा.

जाते म्हटलं. एकटीनं पुस्तक वाचून सण होत नाही.

२९ ऑक्टोबर, रविवार

अंघोळ करून लिहायला बसले. अंग अजून चिकट वाटतंय.

शेतघरावर आठ-दहा जण होते. घनश्याम चाळिशीचा, पोट सुटलेला, भर दुपारी काळा झगा घालून घामानं निथळत होता. मेलेल्यांची आठवण कुणीच काढली नाही. बिर्याणी आली, फोटो झाले. मग त्यानं एकेकाला ओळख विचारली. माझं आडनाव ऐकून "अच्छा" म्हणाला. "तुमच्यात देवी नसतेच ना, तुला वेळ लागेल." देवी विकायचं दुकान यानंच उघडलंय जणू.

आणि मग दीक्षा. मुलींनी एकेकटीनं आतल्या खोलीत यायचं. कपडे न घालता. आत तो एकटा. इंग्लंडात असंच करतात, म्हणाला. मी विचारलं, कोणत्या पुस्तकात लिहिलंय? आणि मुलांची दीक्षा कशी? तो हसला. माझ्या मनात घाण आहे म्हणाला. रिता जमिनीकडे बघत होती. तिची दीक्षा आधीच झाली होती का, हे विचारायची हिंमत झाली नाही. मी चपला घातल्या.

पण तुमसरपर्यंत परत जायला गाडी रिताचीच, म्हणून थांबावं लागलं. तेवढ्यात शेतघर राखणारा धनीराम सहज बोलून गेला, गावात एक टोनही आहे, करणी करणारी, ताराबाई. झालं! घनश्यामचे डोळे चमकले. असली विच! सगळी वरात मोबाइल काढून गावात.

ताराबाई अंगणात सुपानं धान पाखडत होती. साठीपलीकडची, वाळकी, पदर खोचलेला. घनश्यामनं तिच्या तोंडाशी मोबाइल धरला. मंत्र म्हण म्हणाला. तिनं आम्हा सगळ्यांकडे पाहिलं, आमचे काळे कपडे, कपाळावरचे रंग. म्हणाली, "पाणी पेता का?"

कुणी प्यायलं नाही. टोनहीच्या हातचं! चंद्राची पूजा करणारी माणसं आणि हिच्या गडव्याला घाबरली. मी प्यायले. गार होतं.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

रील टाकलं त्यानं. मागे भुताचं संगीत. पाणी विचारणारं तिचं तोंड स्लो मोशनमध्ये दाखवलंय, त्यामुळे खरंच भीती वाटते. खाली लिहिलंय, भंडारा की आखिरी डायन. गावाचं नावसुद्धा! काढ म्हणून सांगितलं, त्यानं मलाच ग्रुपमधून काढलं. रिताला फोन केला. म्हणाली, "यार, एवढं काय वं, कोन पाह्यते." आत्तापर्यंत लाखभर लोकांनी पाहिलंय.

५ नोव्हेंबर, रविवार

बाबांना सगळं सांगितलं. खोलीचं, झग्याचं, आडनावाचंही. ते उठले, गाडीची किल्ली घेतली. मग म्हणाले, त्या बाईले पाहून येऊ. मोटारसायकलवर गेलो दोघं.

तिच्या कपाळाला फडकं बांधलेलं. बाहेरगावची पोरं गाड्यांवर येतात, व्हिडिओ काढतात, ती बाहेर यावी म्हणून कौलांवर दगड मारतात. एक लागला. गावातलं कुणी सोडवायला आलं नाही. एका घरचं लेकरू तापानं फणफणलं, तर त्या घरचे काठी घेऊन अंगणाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले होते. आत पाय टाकायचं धाडस झालं नाही म्हणून परत गेले.

तिनं मला ओळखलं. "तू पाणी पेली होती," म्हणाली.

चीड आली. घनश्यामची, त्या दगडांची. त्या दिवशी त्या वरातीत मीही होते, त्याची.

७ नोव्हेंबर, मंगळवार

पोलीस ठाण्यात तक्रार दिली. ताराबाईचा अंगठा, माझी सही. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, कुणाला डायन म्हणून त्रास देता येत नाही, हे बाबांनीच साहेबांना शांतपणे सांगितलं. साहेब माझ्याकडे बघून म्हणाला, मॅडम, तुम्हीपण त्याच ग्रुपमधल्या ना? आणि वर हसला. खोलीबद्दलही सांगितलं. त्यावर म्हणाला, आत गेलेली मुलगी आणा. रिताला विचारलं. तिनं फोन ठेवला.

तिच्यावर चिडू शकत नाही. तिच्यासाठीच सगळ्यात वाईट वाटतंय.

११ नोव्हेंबर, शनिवार

रील गेलं. घनश्यामला ठाण्यात बसवलं होतं. हात जोडून माफीचा व्हिडिओ टाकलाय, चौकटीचा शर्ट घालून. खाली लोकांनी लिहिलंय, लॉर्ड आम्ही तुमच्यासोबत आहोत. किळसवाणं.

१९ नोव्हेंबर, रविवार

गावात सभा झाली. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे कार्यकर्ते आले होते, मीच बोलावलं. ठाण्याचा एक हवालदार, सरपंच, शाळेपुढे मंडप. ताराबाईला मध्ये खुर्चीवर बसवलं. एकानं नारळातून धूर काढून दाखवला आणि रसायन कोणतं तेही सांगितलं. लेकराचा ताप मलेरियाचा होता, नर्सनं सांगितलं. मग सरपंचानं माइकवर जाहीर केलं की ताराबाईच्या अंगात कोणतीही शक्ती नाही, ती साधी म्हातारी आहे, तिला कुणी भ्यायचं नाही. टाळ्या वाजल्या. तिच्या हातचा चहा सगळे प्यायले. पोरं हसत होती.

ती मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, लाजली.

परत येताना बाबा गाडी चालवता चालवता म्हणाले, "हे केलं ते बरं केलं बाई." कितीतरी दिवसांनी नीट झोप लागेल.

२६ नोव्हेंबर, रविवार

ताराबाईनं धनीरामच्या फोनवरून बोलावलं. गेले, बाबांसोबतच.

तिच्या बांधीचा, त्या धानाच्या तुकड्याचा, धुरा फोडलाय, बांधच नांगरून टाकलाय. पुतण्यानं, मंगरूनं. अर्धा धान कापून नेला, वर म्हणतो बांधी काकाच्या नावाची, तुझी कशी. भर दुपारी आला, बैल घालून, शीळ वाजवत. तलाठ्याकडे गेलो. म्हणाला, मोजणी आणा, वारसांची नावं चढवा, वेळ लागेल. पोलीस म्हणाले, हा जमिनीचा वाद, आमचा नाही.

तिच्या अंगणात बसलो तेव्हा ती माझ्याशी बोलली. आवाज चढवला नाही.

"मी टोनही-गिनही नाई पोरी. पण त्यायले वाटे. म्हणून कोणी माह्या धुऱ्यावर पाय देत नव्हते. मालक गेले तवापासून त्या भेवानंच मले वावरात ठेवलं. तुमी सभा घेतली, ते भेव काढून नेलं. आता मले काय देता?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे. मी म्हटलं, पण मावशी, हेच भेव उलटलं की माणसं बाईला जाळतात. काठी घेऊन आले होते ना? "आले होते," म्हणाली. "अन् परत गेले. मंगरू परत नाई जात."

निघताना माझा हात धरला. "अमोशेले एकडाव ये. एकटी ये."

कशाला, ते सांगितलं नाही.

३० नोव्हेंबर, गुरुवार

काही वाचवत नाही. ते चांगलं पुस्तकही उघडलं नाही. त्यात सगळ्याचं उत्तर आहे — खोटा गुरू कसा ओळखावा, चांगला गट कसा शोधावा. मंगरूचं नाही. सभेतल्या टाळ्याच आठवत राहतात. वाजवणाऱ्यांत आपणही होतो.

बाबांना विचारलं, जाऊ का. म्हणाले, "मले नको इचारू." मग दाराशी जाऊन म्हणाले, पहाटेची बस आहे.

१२ डिसेंबर, मंगळवार. अमावस्या.

कॉलेजला सुट्टी टाकली. ताराबाईनं मला अंगणात, लागूनच असलेल्या बांधीकडे तोंड करून, खाटेवर बसवलं, केस मोकळे सोडायला सांगितलं, बोलू नको म्हणाली. दुपारभर तशीच बसले. मंगरू बैल घेऊन धुऱ्याकडे आला. मला पाहून थांबला. हे कोण, विचारलं.

"माही चेली," ताराबाई म्हणाली. "आता दर अमोशेले येईन हे."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. पापणी हलू दिली नाही.

मंगरूनं बैल वळवले.