सुमित इंदूरला जाणार: मामाची पक्की चौकशी

५ मे, सोमवार
सीझन संपला. आमची ठाणे गरुड टीम बास्केटबॉल लीगमध्ये शेवटून पहिली. वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर माझा सीझन आता सुरू होतो. मॅचेस बंद असतात तेव्हा कोण राहणार, कोण जाणार, कुणाच्या बदल्यात कोण येणार, हे सांगायला जाणकार माणूस लागतो. वर्तकनगरात तरी माझ्याशिवाय दुसरा नाही.

संकल्प: यंदा माझ्या यूट्यूब चॅनेलवर एकही फेकाफेकी नाही. गेल्या वर्षी मॉलमध्ये एक सात फुटी फॉरेनर दिसला म्हणून मी ‘गरुडचा नवा सेंटर, साइनिंग पक्कं’ असा व्हिडिओ टाकलेला. तो सरकता जिना दुरुस्त करायला आलेला निघाला. अजून बिल्डिंगमधले लोक मला जिना कसा आहे विचारतात. लाज वाटते. पण उंची मी बरोबर सांगितलेली, हे कुणी बोलत नाही.

११ मे, रविवार
डोंबिवलीहून ताईचा फोन. पायलला, म्हणजे माझ्या भाचीला, स्थळ आलंय. मुलगा कल्याणचा, नाव सुमित. करतो काय विचारलं, तर म्हणाली बास्केटबॉल खेळतो, पगारी. मी खुर्चीतून उठलोच. आमचा सुमित! गरुडचा गार्ड, बॉल पुढे नेणारा!

दोघं दोनदा भेटलीयेत. पायल हल्ली जेवताना फोन बघून हसते, म्हणजे झालंच. जूनमध्ये विहारात साखरपुडा करू म्हणतायत. दाजींचा एकच प्रश्न, मुलगा इथंच राहणार ना? पायलची दवाखान्यात नर्सची कायमची नोकरी. ती सोडून ती कुठे जाणार नाही.

आणि आमच्यात मुलाची चौकशी मामाने करायची. शेजारपाजार, नाका, नोकरीची जागा, सगळीकडे फिरून. मामा हो म्हणाला की मगच बैठक. ताई म्हणाली, ह्या वेळी तरी नीट कर रे. ‘ह्या वेळी तरी’ म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

अमृता म्हणाली, त्या मुलालाच सरळ फोन करून विचारा ना. बायकोला कोण समजावणार! आतली माहिती अशी विचारून मिळत असती तर मग काय हवं होतं.

१४ मे, बुधवार
हाफ डे टाकून स्टेडियमवर गेलेलो. शुकशुकाट. वॉचमन गुणाजी तेवढा भेटला. मी नाव सांगितलं. चॅनेलचंही सांगितलं. त्याने मला कुरियरवाला समजून सही कुठे करू विचारलं. जाऊ दे.

चहा पाजला. म्हणाला, सुमित पोरगा लय सरळ, जाताना लाइट बंद करून जातो. चौकशीत हे चालेल. ट्रेडचं, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचं, मात्र त्याला काही माहीत नाही. मग घरी येऊन स्वतःच डोकं चालवलं. गरुडकडे बास्केटखाली खेळणारा उंच सेंटर नाही. इंदूरकडे दोन आहेत. इंदूरला गार्ड पाहिजे. आपल्याकडे देण्यासारखा गार्ड एकच. इतकं बरोबर बसलं की मीच घाबरलो.

चॅनेलवर महिनाभर काही नव्हतं, म्हणून विश्लेषण टाकून दिलं. ‘सुमित इंदूरला? आतल्या गोटातली खबर.’ प्रश्नचिन्ह आहे, म्हणजे फेकाफेकी नाही. ‘सूत्रांनी सांगितलं’ म्हणताना जीभ जरा अडखळली, कबूल. पण सूत्र म्हणजे तरी काय, जवळचा माणूस. मुलीच्या मामापेक्षा जवळचं कोण असतं?

१७ मे, शनिवार
बॉम्ब! डोंबिवलीचा राकेश खेळांच्या बातम्यांचं पेज चालवतो. त्यावर आलंय: ठाण्यातील जाणकार सूत्रांच्या माहितीनुसार सुमित इंदूरला जाणार. म्हणजे माझा अंदाज खरा! दुसरीकडून कन्फर्म झाला!

दुपारी: पेपरातही आलं. आतल्या पानावर, कोपऱ्यात, पण आलं. पेपरवाले उगाच छापतात काय?

अमृता म्हणाली, अहो, ते तुमच्याच व्हिडिओवरून नसेल ना? मी म्हटलं, नीट वाच, त्यात ‘जाणकार’ लिहिलंय. ती म्हणाली, हां, मग तुम्ही नसाल. चला, पटलं तिला.

१८ मे, रविवार
कात्रण घेऊन डोंबिवलीला. दाजींना ट्रेड समजावून सांगितलं. एक टीम आपला खेळाडू देते, दुसरीचा घेते, खेळाडूला कोणी विचारत नाही. दाजी म्हणाले, म्हणजे साटंलोटंच की. म्हटलं, अगदी तसंच. त्यांनी चष्मा लावून कात्रण दोनदा वाचलं. मी बोलत असताना मध्ये बोलले नाहीत, असं पहिल्यांदाच झालं.

पायलने विचारलं, मामा, तुम्ही त्याला विचारलंत? मी म्हटलं, अगं, खेळाडूला सगळ्यात शेवटी कळतं. ती म्हणाली, तो तर म्हणत होता इथंच राहणार. मी म्हटलं, बिचारा. ती आत गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही.

ताईने कल्याणला फोन लावून सध्या थांबू या म्हणून सांगितलं. पलीकडे सुमितची आई कलावतीबाई. काही चुकलं का आमचं, असं विचारत होत्या, स्पीकरवर ऐकू आलं. दाजी मला म्हणाले, सुदेश, आज तू मामाचं काम केलंस. बांगड्याचं कालवण झकास झालेलं, तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. का कुणास ठाऊक.

२१ मे, बुधवार
ऑफिसात असताना सुमितचा फोन! नंबर पायलने दिला म्हणे. मला मामा म्हणाला. इतका नम्र की मी उभा राहून बोललो.

मामा, तुम्हाला आतलं कळतं असं पायल म्हणते. खरंच मला काढतायत का? पेपरात वाचलं. कोच गावी गेलेत, तिथे रेंज नाही. ऑफिसवाले म्हणतात साहेब आल्यावर बोलू. इंदूरवाले मार्चपासून मागे लागलेत, पण पायल भेटल्यावर मी नाही म्हटलेलं. आता हे गरुडवाले मला ढकलूनच देणार असतील, तर आपणच हो म्हणावं का? निदान मान तरी राहील.

हीच वेळ होती. सांगायचं होतं, अरे बाबा, त्या स्टेडियममध्ये वॉचमन सोडला तर मी कुणाला ओळखत नाही. तोंडातून निघालं, स्वतःहून गेलेलं केव्हाही बरं.

तो थँक यू मामा म्हणाला. शेजारच्या टेबलावरच्या उत्तरा मॅडमनी विचारलं, कोण होतं? म्हटलं, एक प्लेयर, सल्ला घेतात अधूनमधून. डबा तसाच घरी आणला.

२२ मे, गुरुवार
राकेशला फोन केला, सहज. तुझं सूत्र कोण रे? तो हसायला लागला. दादा, तुमचाच व्हिडिओ ना, भारी होता! आणि पेपरवाल्याने कुठून घेतलं? माझ्या पेजवरून, म्हणाला.

म्हणजे मी माझंच ऐकून माझी खात्री करून घेतली. हात दाखवून अवलक्षण, आणि तेही भाचीच्या लग्नात. इतकी लाज मला आजवर वाटली नव्हती. आंघोळ करून आलो, तरी वाटतेच आहे. अमृताला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलेलं. ओरडली नाही, ते जास्त लागलं.

संकल्प: उद्या सुमितला खरं सांगणार. मग पायलला. मग व्हिडिओ डिलीट.

२३ मे, शुक्रवार
सुमितला फोन लावला. बिझी लागला. पुन्हा लावला नाही. असल्या गोष्टी फोनवर बोलूच नयेत, समोरासमोर बसून बोलावं. व्हिडिओ तूर्त ठेवलाय. एकदम काढला तर लोकांना संशय येईल.

२५ मे, रविवार
बाळकुमला गेलेलो. टीमने खेळाडूंना तिथे फ्लॅट दिलेत. गेटवर वही पुढे केली. नाव लिहिलं, कुणाकडे ते लिहिलं, पुढे कामाचं कारण. तिथे पेन थांबलं. मागचा डिलिव्हरीवाला म्हणाला, काका, लिहा ना पटकन. ‘वैयक्तिक’ लिहिलं. मग खोडलं. बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो आणि परत आलो.

सांगितलं तर पायल जन्मात मला मामा म्हणणार नाही. आणि सुमित काय लगेच निर्णय घेणार आहे थोडाच? कोच येतील, बोलणं होईल, सगळं आपोआप मिटेल. मुलं समंजस आहेत. मध्ये मोठ्यांनी पडूच नये.

अमृताने विचारलं, सांगितलंत? म्हटलं, घरी नव्हता. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

३१ मे, शनिवार
टीमचं पत्रक आलं. सुमित इंदूरला, खेळाडूच्या स्वतःच्या विनंतीवरून. खाली कोचचं म्हणणं: पुढच्या सीझनला आम्ही त्याला कॅप्टन करणार होतो, पण त्याच्या इच्छेचा मान ठेवला.

सकाळपासून फोन थांबत नाही. राकेश म्हणाला, दादा, मानलं तुम्हाला, दोन आठवडे आधी सांगितलेलं! चौथ्या मजल्यावरच्या पंढरीने लिफ्टमध्ये हात मिळवला. चॅनेलला कधी नव्हे इतके सबस्क्रायबर. इतक्या वर्षांत माझा हा पहिला खरा ठरलेला अंदाज. अमृता बोलत नाहीये.

संध्याकाळी पायलचा मेसेज. लिहिलंय, मामा, तुमचंच खरं निघालं. मला म्हणत होता इथंच राहणार, आणि बदली स्वतःच मागून घेतली. एक शब्द नाही बोलला मला. खूप रडले, पण आता बरं आहे. तुम्ही वेळेवर चौकशी केलीत म्हणून वाचले. थँक यू मामा.

उत्तर लिहायला घेतलं. पायल बेटा, तो खोटारडा नाही, मी आहे. गुणाजी, राकेश, पेपर, त्याचा तो फोन आणि मी दिलेला सल्ला, सगळं लिहिलं. तो तुझ्यासाठी थांबलेला, हेही लिहिलं. दोनदा वाचून बघितलं. एक शब्द खोटा नव्हता.

मग सगळं पुसलं आणि नुसते जोडलेले हात पाठवले.

तिने लगेच लाल बदाम पाठवला.