मामूंच्या पेटीतली चित्रं

हमरापूर,
१८ ऑगस्ट १९९७

प्रिय फरझाना,

चार वर्षांनी माझं अक्षर दिसतंय, तेव्हा पाकीट उलटून आधी नाव वाचशील. वाच. मीच आहे. गणपती अठरा दिवसांवर आलेत, मूर्ती वाळायचं नाव घेत नाहीत, कारखान्यात दिवसाही बल्ब लावून बसतो. माझ्याकडे डोळ्यांची आखणी. दिवसाला साठ-सत्तर मूर्तींचे डोळे काढले की संध्याकाळी जेवायला बसावंसंही वाटत नाही. मनस्वी दहावीला गेली. तिचे बाबा साच्यांवर असतात, पाठीनं त्रासलेत, पण बोलत नाहीत. आमचं असं चाललंय.

गेल्या रविवारी मुराद आला होता. तुझ्या धाकट्या भावाला मी दारात ओळखलंच नाही, दाढी निम्मी पांढरी झालीय. स्कूटरला मागे पत्र्याची पेटी बांधलेली. रोह्याच्या पुलापलीकडचं, अष्टमी गावातलं तुमचं घर रिकामं करतोय म्हणाला. "आपाचा फोन आला होता दोहावरून. बोलली, ही सरूला नेऊन दे." चहा घेतला आणि गेला.

पेटीत तुझ्या मामूंनी बोटीवरून आणलेली विलायतेची ती चित्रांची मासिकं. वाळवीनं कडा खाल्ल्यात, लाल रंगाचा विटकरी झालाय. वरच्याच अंकात आपला कोटवाला पोरगा. मोठ्या माणसाचा ढगळ कोट घातलेला, गुडघे सोललेले. खिशात हात घालायचा आणि मागितलं ते सोडून भलतंच निघायचं. दोरी मागितली की मांजर, छत्री मागितली की पाव. शेवटच्या चित्रात तोच भलता जिन्नस कामाला यायचा आणि पोराला जेवण मिळायचं. ताटात पांढरा डोंगर आणि त्यात काहीतरी लांबट खोचलेलं. आपण दोघींनी ठरवून टाकलं होतं की भातात सुके बोंबील खोचलेत. गोऱ्यांनाही बोंबील आवडतात म्हणून मला किती बरं वाटलं होतं.

इंग्रजी तुलाही येत नव्हतं, मलाही. पण तू फुग्यांतल्या अक्षरांवर बोट फिरवत धडाधडा वाचायचीस. तू वाचलंस की कोट त्या पोराच्या बापाचा आहे. बाप बोटीवर गेला, परत आला नाही. खिशात त्याचा हात राहिलाय, म्हणून पोरगा मागतो ते मिळत नाही, बाप देईल ते मिळतं. मी नऊ वर्षांची. तू सांगशील ते खरं. मी तुमच्या ओटीवर पालथी पडून ती चित्रं पाटीवर उतरवायचे आणि तुझ्या अम्मी, माझ्या खाला, आतून हाक मारायच्या, "अगो सरू, गरम सांदण घेतल्याशिवाय उठू नको गो." डोळ्याच्या कोपऱ्यात वळत चाललेली रेघ कशी सोडायची, हे माझा हात तिथं शिकला. आज त्यावरच माझं घर चाललंय.

परवा मनस्वीनं ते अंक वाचून दाखवले. तिला बरं इंग्रजी येतं. फरझाना, त्यात बाप नाहीच. कोट भंगारवाल्याकडून घेतलेला आहे. त्या पोराच्या बापाचा एकाही अंकात उल्लेखसुद्धा नाही. मनस्वी हसली, म्हणाली, "आई, मावशीनं तुला चांगलंच बनवलं." मला हसू आलं नाही. तुझे अब्बा गेल्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. तू कोणाजवळ रडली नव्हतीस, माझ्याजवळही नाही. हे कळायला मला त्रेचाळीस वर्षांची व्हावं लागलं. त्या रात्री कामाला बसलेच नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. जाताना मुराद उंबऱ्यात थांबला. म्हणाला, "मी तुझ्यावर रागावलो होतो सरू. मामूंकडचे, शेजारचे, सगळेच रागावले होते. पण आपानं प्रत्येकाला सांगितलं, सरूला निरोप उशिरा मिळाला, नायतर ती आली नसती असं होणारच नाय." ते मीच तुला लिहिलं होतं, त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत. खोटं लिहिलं होतं. खाला गेल्याचा निरोप मला त्याच दिवशी सकाळी दहाला मिळाला. घरात कोणी अडवलं नाही, उलट मनस्वीच्या बाबांनी एसटीला पैसे काढून दिले. मी रोह्याच्या स्टँडवर उतरले, पुलापर्यंत चालत आले. त्या जानेवारीत दंगलीनं मुंबई पेटलेली, आपल्याकडे काही नव्हतं, पण स्टँडवर लोक घोळक्यानं कुजबुजत होते. पुलावर एक ओळखीची बाई भेटली, म्हणाली, "आज तिकडं कशाला जातेस?" एवढंच. तिनं हात धरला नाही, धाक घातला नाही. पलीकडं तुमच्या दारापुढची माणसं मला दिसत होती. मी वळले आणि पुढची बस धरून घरी आले. ज्या घरानं मला सांदण घेतल्याशिवाय उठू दिलं नाही, तिथं मी शेवटचं तोंड बघायला गेले नाही. तू तेव्हा दोहाहून आलेली होतीस, आत बसली होतीस. माझी वाट बघत होतीस हे मला माहीत होतं.

क्षमा मागायला लिहीत नाही, तेवढं बळ उरलेलं नाही. पेटी मी ठेवून घेतलीय, परत पाठवायला जीव होत नाही. तुला पत्र लिहावंसं वाटलं नाही तर मी समजेन. पण चार वर्षं तू माझ्यासाठी माणसांशी भांडतेयस, ते मला झेपत नाही. यापुढे कोणी म्हणालं की सरू आली नाही, तर माझी बाजू घेऊ नकोस.

तुझीच,
सरू