पेटीच्या तीन खेपा

नांदेड, २ सप्टेंबर

चि. गीतास, आईचे आशीर्वाद व जयभीम.

दहावीला बाहेरून बसायचं मी पक्कं केलंय. फॉर्म तू तिथून कॉम्प्युटरवर भर, शेवटची तारीख तीस. शाळा सोडल्याचा दाखला पत्र्याच्या पेटीतून पाठवते. फोटो पाठवता येत नाही, फोन तुझ्या बाबांच्या खिशात. त्यांना कळता कामा नये. नापास झाले तर जन्मभर चिडवतील. पण ट्रॅव्हल्सचे हिम्मतराव पेटी उघडून बघणारच. कुलूप लावलं तर किल्ली कुणाबरोबर पाठवू? तुमच्या नेटवर गुपित पाठवताना कसं करतात?

जेवत जा, माया आहेच.
तुझी आई

तारनाका, हैदराबाद, ७ सप्टेंबर

ती. आईस, सप्रेम जयभीम. वि. वि.

किती नेमका प्रश्न विचारलास! किल्ली पाठवायचीच नाही. तुझं कुलूप लावून पेटी पाठव. मी शेजारी माझं कुलूप लावून परत पाठवीन. तू तुझं काढून पुन्हा पाठव, मग माझं मी उघडीन. आबिड्सहून पितळी कुलूप आणलंय. माझी रूममेट पल्लवी म्हणाली, इत्ता सब नक्को, रविवारी जाऊन घेऊन ये. मी तिला सांगितलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

तुझा हात डोक्यावर असू दे.
गीता

नांदेड, २१ सप्टेंबर

चि. गीतास, आशीर्वाद.

माझं कुलूप काढून पेटी आज तिसऱ्यांदा निघाली. हिम्मतराव विचारत होते, हिचा महिन्याचा पास काढू का? तुझे बाबा तिच्याकडे टक लावून बघतात. तीस वर्षं गोदाम राखलेला माणूस, सवय जात नाही. बीजगणित मी मिक्सर लावून पाठ करते, म्हणजे त्यांना ऐकू जात नाही. तारीख चुकवू नकोस गं, पुन्हा एवढा धीर व्हायचा नाही.

तुझ्याच भरवशावर,
आई

(पेटीत सापडलेलं)
नांदेड, २० सप्टेंबर

चि. गीतास, बाबांचे आशीर्वाद.

तुझं कुलूप झकास, पण पेटीची मागची बिजागरी ढिली आहे. आमच्या गोदामात चोर कधी कुलपाकडून आले नाहीत. पेटी पहिल्यांदा निघायच्या आदल्या दिवशीच मी दाखला काढून घेतला आणि चौकातल्या नेट कॅफेत आईचा फॉर्म भरला. फोन माझ्याच खिशात, ओटीपी लगेच आला. रिकामी पेटी फिरू दिली, तिची हौस कशाला मोडा?

सोबत पावत्या दोन आहेत. दुसरी माझी. आईला सांगू नकोस, नापास झालो तर जन्मभर चिडवेल. मिक्सरच्या वर आवाज चढवून म्हणते, त्यामुळे अर्धं बीजगणित मला आलंय. उरलेलं तू लिहून पेटीत घाल. कुलूप नीट लाव, म्हणजे तिला काळजी नको. मी मागून काढून घेईन.

लोभ आहेच, तो आता दोघांत सारखा वाट.
बाबा