मुठीचं मडकं

सोनई
आषाढ शुद्ध पंचमी, शके १८६८

प्रिय नीलांबरी,

तुझं पत्र परवा आलं. मावशी जवळच बसल्या होत्या, म्हणून आधी तोंडातल्या तोंडात वाचलं आणि मग न्हाणीघरात जाऊन पुन्हा वाचलं. विसाव्या तारखेलाच पैसे संपतात, वन्सं, मला हे जमायचं नाही, तुम्ही ताबडतोब परत या, असं तू लिहिलंस. पुढे शाई पसरली आहे. अगं, पोटुशीने रडायचं नसतं, निदान पगार संपला म्हणून तर मुळीच नाही. पगार संपण्यासाठीच असतो. तो कुठल्या तारखेला संपवायचा एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते शिकता येतं.

मावशींच्या सुनेच्या बाळंतपणाला म्हणून मी अक्षय्यतृतीयेनंतर इकडे आले, तेव्हा घाईत तुला काहीच नीट सांगितलं नव्हतं. बाळ-बाळंतीण आता खुशाल आहेत. मुलगा आहे आणि घसा असा खणखणीत की चार घरं जागी होतात. तेव्हा आता निवांतपणे लिहिते. चूल पेटवायच्या आधी वाच आणि सुमंतलाही वाचून दाखव, कारण अर्ध्या गोष्टी त्याच्याचसाठी आहेत.

पगार झाला की सुमंत नोटा देवापुढे ठेवतो, हे तू पाहिलंस. त्या तिथून उचलून तू थेट डब्यात टाकतेस आणि लागेल तशा काढतेस, घोडं तिथेच पेंड खातं. तसं करू नकोस. नोटा मोडून आण. माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फळीवर ठेवल्या आहेत, त्यांच्या पुरचुंड्या बांध. एक घरभाड्याची, एक धान्याची, एक दुधाची, एक सरपण आणि रॉकेलची, एक तेलामिठाची. दुधाच्या पुरचुंडीतून सरपण आणायचं नाही. आणलंस तर ज्या दिवशी दूधवाला दारात उभा राहील त्या दिवशी तुला आतल्या खोलीत लपावं लागेल, आणि तुझी ती मोठी पावलं कुठल्या दाराआड मावणार आहेत?

रंगनाथ वाणी फार सज्जन आहेत, न मागता उधार देतात, असं तू कौतुकाने लिहिलं आहेस. ते सज्जन आहेतच. पण खिशातून पैसा काढताना हात जसा आखडतो, तसा तो वहीत लिहून घेताना आखडत नाही. पावशेर गूळ आणायला गेलेली बाई अर्धा शेर घेऊन येते. रोखीने घे आणि थोडं घे. रेशनची साखर पाहुण्यांसाठी राखून ठेव, आपला चहा गुळाचा. सुमंत तोंड वेंगाडेल, चार दिवस वेंगाडू दे.

तू मला विचारलंस की ह्यांना हिशेब विचारला तर ते गप्प बसतात, काय करू? मला हसू आलं. सुमंतचा हात लहानपणापासून सढळ. तो शिकवतो त्या शाळेत कुणा पोराची फी राहिली की याच्या खिशाला भोक पडतं, आणि ते सांगायला तो लाजतो. त्याच्यासाठी एक छोटी पुरचुंडी वेगळी बांधून दे आणि तिचा हिशेब कधी विचारू नकोस. तशीच एक तुझीही बांध, आणा-दोन आण्यांची का होईना. गजरा घे, बांगड्या भर, नाहीतर नुसती गाठ मारून ठेव. माणसाला एवढं मोकळं लागतं, नाहीतर काटकसरीचा जाच होतो. हे शहाणपण मला फार उशिरा आलं. सोळाव्या वर्षी मोकळ्या कपाळाने मी परत आले, आई-वडील गेल्यावर सुमंतला वाढवलं, इतकी वर्षं त्या घराच्या पुरचुंड्या बांधल्या, पण स्वतःची अशी एक कधी बांधली नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं. मलाच सुचलं नाही.

आता मुठीचं सांगते. पीठ किंवा तांदूळ मापून घेतले की भिजवायच्या आधी त्यातली एक मूठ परत काढायची आणि कोपऱ्यातल्या मडक्यात टाकायची. घरात कुणाला कळतसुद्धा नाही, आणि महिन्याचे शेवटचे चार दिवस त्या मडक्यावर निघतात. धान्याची पुरचुंडी रिकामी झाली तरी चूल पेटते ती त्याच्यामुळे. हे तुला मी कधी सांगितलंच नाही, म्हणून तर मार्गशीर्षातली ती गंमत झाली. दारात गोसावी आला आणि तू भरलेलं मडकं त्याच्या झोळीत रितं केलंस. तुझ्या माहेरी रोजची मूठ धर्मासाठी काढतात, तुला काय ठाऊक आमच्याकडे ती महिनाअखेरीसाठी असते! झुंबरबाई भांडी घासता घासता ओरडली, "आवो वैनीबाई, समदंच दिलं व्हय? आता खायाचं काय?" तुला वाटलं ती कुरकुरते आहे. तू मात्र अशी उजळून आत आलीस की जणू घरात पुण्याईची पेटी उतरली. तुझं ते तोंड पाहून माझ्याने बोलवलंच नाही.

त्या आठवड्यात मी एकादशी धरली, मग प्रदोष धरला, मग महिन्याची शिवरात्र. तिथीही बिचाऱ्या सोयीच्या आल्या. दाणे खायचे आणि वर पाणी प्यायचं. शिवरात्रीला सुमंत म्हणालादेखील, "अक्का, एकदम इतकी भक्ती कुठून उतू चालली?" तू बापडी भाबडेपणाने माझ्यासाठी देवाला वेगळी फुलं आणलीस. हे तुला खट्टू करायला लिहीत नाही गं. ती फुलं मला फार आवडली होती. घरात कुणीतरी माझ्यासाठी काही आणलं, याला किती वर्षं झाली होती. तू मला आवडतेस, नीलांबरी. समोर असताना मी फक्त मीठ जास्त झालं एवढंच सांगत राहिले, म्हणून इथे स्पष्ट लिहिते.

तुझ्या पत्राच्या शेवटी, समासात आडवं लिहिलेलं मी सर्वांत जास्त वेळा वाचलं. बारशाला बाळाचं नाव आत्यानेच ठेवायचं, लोक काय म्हणायचं ते म्हणोत, माझ्या बाळाच्या कानात आधी तुमचाच आवाज जायला हवा, असं तू म्हणतेस. माझ्यासारख्या बाईला पाळण्याच्या आसपासही कुणी उभं करत नाही, हे तुला माहीत आहे, तरी लिहिलंस. मी येईन. नावही ठरवलं आहे, पण ते आत्ता सांगणार नाही.

मात्र तेवढ्यासाठीच येईन, आणि चार दिवस राहून परत इकडे येईन. हे सांगायला म्हणून पत्र लिहायला बसले आणि पुरचुंड्यांच्या गोष्टी सांगत बसले. इथल्या मुलींच्या शाळेत बाई हवी होती. वडिलांनी मला मराठी सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलं होतं ते आता कामाला आलं. मावशींनी परसातली खोली दिली आहे. तुझ्यावर रागावून गेले असं चुकूनही मनात आणू नकोस. वैशाखात मी पुढच्या वर्षाचा मेळ घालून पाहिला. त्यात बाळ आलं, बाळाचं दूध आलं, तुझ्यासाठी डिंक-खोबरं आलं, आणि मेळ काही बसेना. कुठे काय कमी करावं ते पाहता पाहता दिसलं की एका माणसाचं पान दुसरीकडे मांडता येईल. आणि खरं सांगू, नुसतं तुमच्यासाठी नाही. मी घरात असेपर्यंत माप तुझ्या हातात येणार नाही, आणि माझ्याही हातात माझं असं काही येणार नाही. मागच्या सोमवारी पहिला पगार झाला. सगळ्यांत आधी मी हिशेब न विचारायची पुरचुंडी बांधली, आणि बराच वेळ ती हातात धरून बसले. एकटीचा स्वयंपाक तो केवढा, तरी सवयीने रोज मूठ काढते. इथे महिनाअखेरीची भीती नाही, म्हणून ते मडकं मी बाळाच्या नावाने ठेवलं आहे. भाद्रपदापर्यंत भरेल. बारशाला येताना ते घेऊन येईन आणि तुझ्या कोपऱ्यात ठेवीन. फक्त एवढं कर, त्या दिवशी दारात गोसावी आला तर आधी मला हाक मार.

दूर असले तरी तुझीच,
अंबिकावन्सं